पाळक म्हणून आतून कोरडं पडल्यावर काय करायचं

मेथडिस्ट चर्चमधे नवीन पाळक असाल आणि दर रविवारी उपदेश देऊन देऊन आतून रिकामं वाटत असेल तर आधी एक लक्षात घ्या, मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली स्वतः दीक्षित पाळक होते, मिशनवर जाऊन निराश परत आले होते आणि २४ मे १७३८ला लंडनमधल्या आल्डर्सगेटच्या प्रार्थनासभेत त्यांचं मन पेटलं, तेही दुसरं कोणी वाचून दाखवत असताना. म्हणून तुम्हीपण कुठेतरी नुसतं ऐकायला बसा. मग दोन-तीन पाळक मित्र धरा, दर आठवडी भेटा आणि एकमेकांना खरंच विचारा, जिवाचं कसं चाललंय? चर्चच्या कामाचं बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड जातं. बायबल उपदेशाच्या तयारीसाठी नाही, स्वतःसाठी वाचा, रोज थोडंच चालेल.