बिझनेस जेटमध्ये स्टॉलचा सराव: या चुका टाळा

सांबरा विमानतळावर आता विमानचालनाचे प्रशिक्षण मिळते, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील तरुण-तरुणींना स्टॉलची, म्हणजे पंखांची विमान उचलून धरण्याची ताकद अचानक कमी होण्याची, पहिली ओळख तेथील छोट्या, पंख्याच्या विमानांवर होऊ शकते. त्यांच्यापैकी जे पुढे बिझनेस जेटकडे वळतील, त्यांच्याबरोबर हाताला लागलेल्या सवयीही जातील. जेटवरील बऱ्याच चुकांचे मूळ या सवयींतच असते.

सर्वांत घातक सवय उंची वाचवण्याची आहे. पूर्वी सरावात उंची कमीत कमी गमावणे हे कौशल्याचे लक्षण मानले जाई, त्यामुळे स्टॉल जवळ आल्याचा इशारा मिळताच इंजिनाला पूर्ण शक्ती द्यायची आणि नाक खाली जाऊ द्यायचे नाही, असे हाताला वळण लागे. परंतु स्टॉल वेगाच्या आकड्यावर अवलंबून नसतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन मर्यादेबाहेर गेला की तो कोणत्याही वेगाला होतो, आणि तो कोन कमी केल्याशिवाय सुटत नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ एका प्रवासी विमानाचा स्टिक शेकर (स्टॉल जवळ आल्यावर योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातील नियंत्रण-दांडा, हलवून इशारा देणारी यंत्रणा) थरथरला, तेव्हा कॅप्टनने योक पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला आणि पन्नास माणसे गेली. ते विमान जेट नव्हते, पण चूक हीच होती.

म्हणून क्रम पक्का हवा: ऑटोपायलट बंद करावा, इशारा थांबेपर्यंत नाक खाली न्यावे, गरज पडल्यास ट्रिमही (नाक ठरावीक स्थितीत आपोआप राहावे म्हणून लावायची जुळणी) खाली द्यावा, मग पंख समतल करावेत, त्यानंतर आवश्यक तेवढा थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, द्यावा, स्पीडब्रेक (वेग कमी करणाऱ्या फळ्या) उघडे असल्यास बंद करावेत आणि अखेरीस हळुवारपणे मूळ मार्गावर यावे. जेट इंजिनाला आयडलवरून, म्हणजे किमान शक्तीवरून, पूर्ण शक्तीपर्यंत पोहोचण्यास काही सेकंद लागतात आणि जास्त उंचीवर राखीव थ्रस्ट थोडाच उरतो, त्यामुळे केवळ इंजिनाच्या जोरावर सुटका होण्याची आशा धरू नये. वेग पुरेसा येण्याआधी घाईने नाक उचलल्यास दुसरा स्टॉल होतो.

स्टिक पुशरशी, म्हणजे स्टॉल टाळण्यासाठी योक आपोआप पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेशी, झुंजणे ही दुसरी मोठी चूक आहे. अनेक बिझनेस जेटची आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या माथ्यावर असते. कोन फार वाढला की पंखांवरून येणारी विस्कळीत हवा तिला झाकून टाकते आणि योक पुढे ढकलूनही नाक खाली येत नाही. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी इंग्लंडमध्ये बीएसी वन-इलेव्हन या जेट प्रवासी विमानाचा पहिला, चाचणीसाठीचा नमुना याच कारणाने कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. पुशर योक पुढे ढकलत असेल, तर त्याला ढकलू द्यावे.

उंचीच्या हिशोबातील चूक वरकरणी किरकोळ वाटते. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच आहे. समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेला उंचीमापक येथे १०,००० फूट दाखवतो, तेव्हा विमान जमिनीपासून साधारण साडेसात हजार फुटांवरच असते. पश्चिमेला सह्याद्री, त्यात पावसाळ्याचे ढग. अशा वेळी क्षितिज स्पष्ट दिसत नसेल, तर प्रत्यक्ष विमानात हा सराव करूच नये.

खरे तर जेटमधील पूर्ण स्टॉलच्या सरावाची जागा सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरील नकली कॉकपिट, ही आहे. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतून देखभालीनंतरच्या स्टॉल-चाचणीसाठी उडालेले हॉकर ९००एक्सपी हे बिझनेस जेट युटा राज्यात कोसळले आणि दोन्ही वैमानिक दगावले. अशी चाचणी अनिवार्य असेल, तर ती त्याच जातीच्या विमानात स्टॉलचा पूर्वानुभव असलेल्या वैमानिकांनीच करावी आणि उत्पादकाने घातलेल्या उंची, हवामान व बर्फाविषयीच्या अटींत तडजोड करू नये. पंखाच्या पुढच्या कडेवरील थोडासा बर्फही स्टॉल लवकर आणतो, कधी शेकर वाजण्याआधीच.

सरावात वेग कमी होताना नाक वर ठेवण्यासाठी ट्रिम देत राहणे टाळावे, कारण सुटकेच्या वेळी तोच ट्रिम हाताविरुद्ध ओढतो. वळणात तर अधिक सावध राहावे: उंची राखून ६० अंशांचे वळण घेतल्यास स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. पंख झुकला म्हणून जोराने रडर (उभ्या शेपटीवरील हलता पृष्ठभाग) मारू नये. आधी कोन कमी करावा. आणि सिम्युलेटर निवडताना तो पूर्ण स्टॉलसाठी प्रमाणित आहे का, हे विचारून घ्यावे, कारण जुन्या यंत्रांतील गणित इशाऱ्यापलीकडे विमानाचे खरे वर्तन दाखवीलच असे नाही.