ॲपमध्ये कॅमेऱ्याची परमिशन कशी मागायची, आणि युजर नाही म्हणाला तर काय करायचं

कॅमेऱ्याचा कोड लिहिताना आपला सगळा वेळ युजरने ‘अलाऊ’ दाबल्यावर काय होतं त्याच्यातच जातो. प्रिव्ह्यू छान दिसला पाहिजे, फोकस पटकन व्हायला पाहिजे वगैरे, आणि मग कोणी ‘डोन्ट अलाऊ’ दाबलं की काळी स्क्रीन, नाहीतर एक टोस्ट (क्षणभर दिसून जाणारी छोटी सूचना), नाहीतर सरळ क्रॅश. माझं ठाम मत आहे की नकाराच्या वाटेवर पण तेवढाच जीव लावला पाहिजे, कारण नाही म्हणणारा माणूस पण तुमचाच युजर आहे आणि त्याला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

पण सगळ्यात आधी हे बघा की परमिशन खरंच लागणार आहे का. हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. अँड्रॉइडवर फक्त एक फोटो काढून हवा असेल तर इंटेंट (दुसऱ्या ॲपला काम सांगणारा निरोप) पाठवून फोनचंच कॅमेरा ॲप उघडता येतं, फोटो तिथे निघतो आणि तुम्हाला परत मिळतो, तुमच्या ॲपला परमिशनची गरजच नाही. यात एक मेख आहे मात्र. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपला काय काय लागतं ते सांगणारी फाइल) कॅमेरा परमिशन लिहिलेली असेल आणि युजरने ती दिलेली नसेल, तर हाच इंटेंट सिक्युरिटी एक्सेप्शन, म्हणजे परवानगी नसल्याची एरर, टाकतो. आणि ती परमिशन तुम्ही स्वतः लिहिलेली असेलच असं नाही, एखादी लायब्ररी (ॲपमध्ये वापरलेला तयार कोड) स्वतःच्या मॅनिफेस्टमधून ती आत आणते, त्यामुळे सगळं मिळून मर्ज झालेलं मॅनिफेस्ट उघडून एकदा डोळ्याने बघा. क्यूआर कोड स्कॅन करायचा असेल तर अँड्रॉइडवर एमएल किट या गूगलच्या टूलकिटचा गूगल कोड स्कॅनर आहे, स्कॅनिंग प्ले सर्व्हिसेसमध्ये (फोनवरची गूगलची यंत्रणा) होतं आणि तुमच्या ॲपला फक्त निकाल मिळतो, परमिशन नाही लागत. गॅलरीतला जुना फोटो हवा असेल तर दोन्हीकडे सिस्टिमचा फोटो पिकर आहे, तो वापरा. आयफोनवर मात्र सिस्टिमची तयार कॅमेरा स्क्रीन वापरली तरी परमिशन लागतेच.

आता परमिशन लागणारच आहे असं धरू. अँड्रॉइडवर मॅनिफेस्टमध्ये परमिशनची ओळ टाकता तेव्हा प्ले स्टोअर असं समजतं की तुमच्या ॲपला कॅमेरा असलेलंच डिव्हाइस हवं, आणि कॅमेरा नसलेल्या डिव्हाइसवर ॲप दिसतच नाही. कॅमेरा हे तुमच्या ॲपमधलं एक छोटं फीचर असेल तर मॅनिफेस्टमधल्या युजेस-फीचरच्या ओळीत रिक्वायर्ड फॉल्स, म्हणजे कॅमेरा सक्तीचा नाही, असं लिहा, आणि कोडमध्ये कॅमेरा आहे का ते तपासून मगच बटण दाखवा. आयफोनवर इन्फो पीलिस्टमध्ये (ॲपची माहिती असलेली फाइल) एनएस कॅमेरा युसेज डिस्क्रिप्शन ही की, म्हणजे कॅमेरा कशाला हवा ते सांगणारी नोंद, लागते, आयओएस १० पासून ती नसेल तर कॅमेऱ्याला हात लावताक्षणी ॲप बंद पडतं, डायलॉग वगैरे काही येत नाही. आवाजासकट व्हिडिओ काढणार असाल तर मायक्रोफोनची की वेगळी.

त्या कीमधलं वाक्य ही या सगळ्या कामातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. ‘या ॲपला कॅमेरा हवा आहे’ हे वाक्य काहीच सांगत नाही, आणि अशा मोघम वाक्यावर ॲपलच्या रिव्ह्यूमध्ये ॲप परत येऊ शकतं. ‘कागदपत्राचा फोटो काढून अर्जाला जोडण्यासाठी कॅमेरा लागतो’ असं लिहा, म्हणजे कशासाठी ते वाचणाऱ्याला कळतं. ॲप मराठीत असेल तर हे वाक्यही मराठीत द्या, इन्फोपीलिस्टची स्ट्रिंग फाइल त्यासाठीच असते, नाहीतर सगळं ॲप मराठी आणि नेमका जिथे विश्वासाचा प्रश्न येतो तिथे इंग्रजी असं होतं. अँड्रॉइडच्या डायलॉगमध्ये तुमचं वाक्य घालता येत नाही, तिथलं कारण तुम्हाला आधी तुमच्या स्क्रीनवरच सांगावं लागतं.

कधी मागायची? युजरने कॅमेऱ्याचं बटण दाबलं की. ॲप उघडल्या उघडल्या तीन-चार परमिशन एका मागोमाग मागणारी ॲप्स असतात, तिथे माणूस न वाचताच ‘नाही’ दाबत सुटतो, आणि त्याचं काहीच चुकत नाही, त्याला अजून ॲप काय करतं हेच माहीत नाही तर तो कॅमेरा कशाला देईल. बटण दाबल्यावर मागितली तर कारण समोरच असतं. डायलॉगच्या आधी स्वतःची समजावणारी स्क्रीन दाखवायची असेल तर एकच बटण ठेवा, ‘पुढे’ असं, त्यावर ‘परवानगी द्या’ लिहू नका, कारण परवानगी त्या बटणाने मिळत नाही, ती सिस्टिमच्या डायलॉगमध्ये मिळते.

कोडमध्ये अँड्रॉइडवर ॲक्टिव्हिटी रिझल्टचा रिक्वेस्ट परमिशन कॉन्ट्रॅक्ट वापरा. त्याचा लाँचर (डायलॉग उघडणारा ऑब्जेक्ट) मात्र ॲक्टिव्हिटी किंवा फ्रॅगमेंट (स्क्रीन किंवा तिचा भाग) तयार होतानाच रजिस्टर करायचा, बटणाच्या क्लिकमध्ये रजिस्टर केला तर क्रॅश. आयफोनवर आधी ऑथरायझेशन स्टेटस बघायचा, तो चार प्रकारचा असतो: अजून विचारलेलंच नाही, दिली, नाकारली, आणि रिस्ट्रिक्टेड. हा शेवटचा लोक विसरतात. पालकांनी स्क्रीन टाइममधून किंवा कंपनीने फोनवर कॅमेरा बंद केलेला असतो, त्या युजरला स्वतःला तो चालू करता येत नाही, त्याला ‘सेटिंगमध्ये जा’ सांगणं म्हणजे उगाच फिरवणं. रिक्वेस्ट ॲक्सेस या परमिशन मागणाऱ्या फंक्शनचं उत्तर मेन थ्रेडवर (स्क्रीनची कामं जिथे चालतात तो थ्रेड) येईलच याची खात्री नसते, म्हणून स्क्रीन बदलायच्या आधी मेन थ्रेडवर या.

आता नकार. आयफोनवर सिस्टिमचा डायलॉग एकदाच येतो, एकदा नाही म्हटलं की पुढच्या वेळी रिक्वेस्ट केली तरी लगेच ‘नाही’ असंच उत्तर येतं, डायलॉग न दाखवता. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नाकारलं की तसंच होतं. मधल्या अवस्थेसाठी अँड्रॉइडवर शुड शो रिक्वेस्ट परमिशन रॅशनाल नावाचं फंक्शन आहे आणि त्याच्यावरून खूप गोंधळ होतो. एकदा नाकारल्यावर ते ट्रू देतं, म्हणजे आता कारण समजावून सांगा आणि मग परत मागा. पण फॉल्स आलं याचा अर्थ कायमचा नकार असा घेऊ नका! कधीच विचारलं नसेल तरी फॉल्स येतं, आणि युजरने बॅक दाबून डायलॉग घालवला तर तो नकार धरलाच जात नाही, तेव्हाही फॉल्सच. म्हणून आधीच अंदाज बांधत बसण्यापेक्षा युजरने बटण दाबलं की रिक्वेस्ट करा, उत्तर ‘नाही’ असं आलं आणि त्यानंतरही फंक्शन फॉल्स देत असेल तरच तुमची ‘कॅमेरा बंद आहे’ ही स्क्रीन दाखवा, आणि तिच्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ आणि ‘सेटिंग उघडा’ अशी दोन्ही बटणं ठेवा. बॅक दाबलेला माणूसही मग अडकत नाही.

त्या स्क्रीनवर तिसरी वाट पण हवी आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. क्यूआर स्कॅन होत नसेल तर कोड हाताने टाइप करू द्या, फोटो काढता येत नसेल तर गॅलरीतून निवडू द्या, व्हिडिओ कॉल असेल तर नुसत्या आवाजावर चालू द्या. कॅमेऱ्याशिवाय ॲपच चालत नाही असं खरंच फार थोड्या ॲपबाबतीत असतं.

युजरला सेटिंगमध्ये पाठवायच्या आधी त्याने भरलेला फॉर्म सेव्ह करा. आयफोनवर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची परमिशन बदलली की सिस्टिम तुमचं ॲप बंद करते, युजर परत येतो तेव्हा ॲप पहिल्यापासून सुरू होतं, आणि अर्धा फॉर्म गेला तर त्याने तुमचं ऐकून केलेल्या कामाची शिक्षाच त्याला मिळाली असं होतं. अँड्रॉइडवर परमिशन काढून घेतली की प्रोसेस मारली जाते, दिली तर नाही, म्हणून ऑन रिझ्यूममध्ये (स्क्रीन परत समोर आली की चालणारं फंक्शन) परत तपासा.

‘परमिशन मिळाली’ असा फ्लॅग स्वतःच्या स्टोरेजमध्ये ठेवून त्याच्यावर कधीच विसंबू नका. अँड्रॉइड ११ पासून ‘फक्त या वेळी’ असा पर्याय आहे, ती परमिशन ॲप मागे गेल्यावर थोड्या वेळात संपते, आणि काही महिने ॲप उघडलं नाही तर सिस्टिम स्वतःच परमिशन काढून घेते. कॅमेरा उघडायच्या आधी दर वेळी सिस्टिमलाच विचारा, त्याला वेळ लागत नाही.

आणि परमिशन असूनही कॅमेरा मिळेलच असं नाही. दुसऱ्या ॲपने तो धरून ठेवलेला असू शकतो. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये क्विक सेटिंगमध्ये सगळ्या ॲपसाठी कॅमेरा बंद करायचं बटण आहे, त्याने कॅमेरा बंद केलेला असेल तेव्हा परमिशन तपासली तर ‘आहे’ असंच उत्तर येतं पण चित्र कोरं येतं. काम झालं की कॅमेरा लगेच सोडा, अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून कॅमेरा चालू असला की वर हिरवी खूण दिसते, आणि स्कॅन संपल्यावरही ती दिसत राहिली तर युजरला शंका येणारच.

टेस्ट करताना खरा फोन घ्या, आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये कॅमेरा नसतो. ॲप काढून परत टाकलं की डायलॉग नव्याने येतो, अँड्रॉइडवर एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणारं टूल) पीएम ग्रँट आणि पीएम रिव्होक या कमांडनी पटापट अवस्था बदलता येतात. फॉर्म अर्धा भरून सेटिंगमध्ये जाऊन परमिशन द्या आणि परत या, डायलॉगवर बॅक दाबा, दोनदा नाकारा, ‘फक्त या वेळी’ देऊन फोन तासभर बाजूला ठेवा, क्विक सेटिंगमधून कॅमेरा बंद करून ॲप उघडा. फ्लटरमध्ये (दोन्हीकडचं ॲप एकाच कोडमधून बनवायचं फ्रेमवर्क) परमिशन हँडलर हे पॅकेज वापरत असाल आणि आयफोनवर डायलॉग न येताच कायमचा नकार येत असेल तर पॉडफाइलमध्ये (आयफोनसाठीच्या लायब्ररींची यादी असलेली फाइल) कॅमेऱ्याचा मॅक्रो (परमिशनचा कोड चालू करणारी ओळ) चालू केलाय का ते आधी बघा, बहुतेक वेळा तेच राहिलेलं असतं.