शोकांतिकेतला पुरोहित कसा उभा करावा

राज्य नाट्य स्पर्धेसाठी किंवा गावच्या उत्सवात ग्रीक वा शेक्सपिअरची शोकांतिका घेतली, की सिंधुदुर्गातल्या हौशी मंडळांचा पहिला घोळ पुरोहिताच्या भूमिकेत होतो. आडदशावतारातला (दशावतारी खेळाच्या सुरुवातीच्या विनोदी भागातला) भट इथल्या नटांच्या अंगात मुरलेला असतो. त्याच ढंगात नट ग्रीक शोकांतिकेतला आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस म्हणून आला, की त्याने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षक हसायला बसतात.

म्हणून पहिल्या वाचनालाच एक गोष्ट ठरवा. पात्र कौल लावणारं (मूर्तीला चिकटवलेली पाकळी कुठे पडते त्यावरून देवाचं उत्तर सांगणारं) आहे, की अवसर येणारं (अंगात देव येऊन घुमणारं)?

टायरेसिअस कौलाच्या बाजूचा. 'अँटिगनी'मध्ये (इ. स. पू. ४४१च्या सुमारास) तो पक्ष्यांचा कालवा ऐकतो, होमातली चरबी पेटत नाही हे बरोबरच्या पोराकडून समजून घेतो आणि राजा क्रिऑनला सांगतो, की उघड्यावर टाकलेल्या प्रेतामुळे वेद्या बाटल्या आहेत. पाकळी कुठल्या बाजूची पडली हे गुरव सांगतो, तितक्याच कोरडेपणाने. घुमणं नको, मान फिरवणं नको. ते भविष्य सांगणाऱ्या कॅसांड्रासाठी राखून ठेवा. 'ॲगामेम्नॉन'मध्ये (इ. स. पू. ४५८) ती अपोलोच्या नावाने किंचाळते, अंगावरची भविष्यवेत्तीची काठी आणि माळा काढून फेकते. तिथे अवसर शोभतो.

टायरेसिअसचं आंधळेपण हात आणि पायांतून दाखवा. डोळे मिटले तर मागच्या रांगांना चेहरा मेल्यासारखा दिसतो. ते उघडे ठेवून नजर क्रिऑनच्या कानाच्या जरा वर लावा. दहा-बारा वर्षांचा पोरगा अर्धं पाऊल पुढे आणि त्याच्या खांद्यावर हात. वळताना आधी पोरगा वळला पाहिजे. तालमीत नेमकं इथेच बिघडतं, कारण नटाला दिसत असतं आणि तो स्वतःच वळतो.

प्रवेशाची चढण तीन टप्प्यांची आहे. क्रिऑन आधी मान देतो, मग 'भविष्यवाले सगळे पैशाचे लोभी' असा आरोप करतो, त्यानंतर शेवटची भविष्यवाणी येते. पहिला टप्पा वरच्या पट्टीत घेतला तर तिसऱ्याला आवाज उरत नाही. टायरेसिअस गेल्यावर वृंद (कोरस) क्रिऑनला सांगतो, आधी गुहेत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग प्रेताला माती दे. क्रिऑन उलटं करतो. विधी आधी उरकतो, आणि गुहेत पोचतो तेव्हा अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. वेळ वाचवायला दूताचं निवेदन छाटलं जातं तेव्हा हा क्रम हमखास गळतो. काहीही कापा, हा ठेवा.

'रोमिओ आणि ज्युलिएट'मधला फ्रायर लॉरेन्स ना कौलाचा, ना अवसराचा. तो विधी लावणारा आणि झाडपाला जाणणारा संन्यासी. वेंगुर्ले-मालवणकडे पाद्री म्हटल्यावर डोळ्यांसमोर पांढरा झगा येतो, पण हा फ्रान्सिस्कन आहे. राखाडी किंवा तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी. जाड कापड घेऊ नका. दमट हवेत दुसऱ्या अंकापर्यंत नट घामाने निथळतो. त्याच्या पहिल्या प्रवेशात टोपलीतला पाला हाताने खरोखर निवडला जाऊ दे. धोतरा, कण्हेर खरी वापरू नका, विषारी आहेत. तुळसही नको, ती दिसली की प्रेक्षक वृंदावनात जाऊन पोचतो. अडुळसा, गवती चहा चालेल.

ज्युलिएटला मेल्यासारखं निजवणाऱ्या औषधाचे '४२ तास' ठळक ऐकू यायला हवेत, नाहीतर पुढचा सगळा हिशेब कळत नाही. रोमिओकडे पत्र नेताना प्लेगच्या संशयाने घरात कोंडला गेलेला फ्रायर जॉन कापला, तर लॉरेन्स निव्वळ निष्काळजी ठरतो. थडग्यातून तो पहारेकऱ्यांच्या चाहुलीने पळतो, तेही राहू दे. भला माणूस भित्रा असू शकतो. शेवटचं त्याचं सुमारे ४० ओळींचं निवेदन मात्र दहा-बारांवर आणा. प्रेक्षकाने ते सगळं पाहिलेलं असतं.

'हॅम्लेट'मधल्या ऑफेलियाच्या दफनाच्या पुरोहिताला दोनच भाषणं आहेत. मृत्यू संशयास्पद आहे, याहून जास्त विधी करता येणार नाहीत, एवढंच तो सांगतो. तो ओरडला की ऑफेलियाचा भाऊ लेअर्टिस याचा संताप फिका पडतो. नियम वाचून दाखवणाऱ्या कारकुनासारखा सपाट बोलू दे. फुलं आणि घंटा यांना तो परवानगी देतो, म्हणून चर्चची घंटा पडद्यामागून चार-पाच सेकंदांच्या अंतराने एकेक टोला द्या. प्रयोग देवळाच्या सभामंडपात असेल तर तिथली टांगलेली घंटा आधीच कापडाने बांधून ठेवा; उशिरा आलेला कुणीतरी सवयीने ती वाजवतोच.