डिझेलच्या टाकीत युरिया पडला तर काय करायचं: ट्रक वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

डिझेलच्या टाकीत भलतंच काही पडलेला ट्रक समोर आला की पाना उचलण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: पडलेला द्रव कुठवर पोहोचलाय? अजून टाकीतच आहे, फिल्टरपर्यंत आलाय, की हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टरमधून फिरून रिटर्न पाइपने परत टाकीत गेलाय? काय पडलं हे कळायला हवंच. पण काम एका दिवसात आटपेल की पंप-इंजेक्टरसकट सगळं खोलावं लागेल, हे पोहोच किती यावर ठरतं. नवीन मुलं सरळ ड्रेन प्लग उघडतात आणि टाकी रिकामी होते. मग टाकीच्या तळाशी काय होतं आणि फिल्टरमध्ये काय आलं होतं, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

ड्रायव्हरशी बोलण्यापासून सुरुवात करा, आणि आवाजात आरोप नको. घाबरलेला माणूस अर्धीच गोष्ट सांगतो. काय ओतलं, नोझलने की कॅनमधून, साधारण किती लिटर, तेव्हा टाकीत डिझेल किती होतं, चावी फिरवली का, इंजिन सुरू झालं का, गाडी किती चालली, कोणता दिवा लागला, गाडी स्वतः बंद पडली की बंद केली. ही सगळी उत्तरं जॉब कार्डवर तिथल्या तिथे लिहा. नंतर स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचाल तेव्हा ती पडताळता येतात. ‘इंजिन सुरूच केलं नाही’ असं सांगितलंय आणि रेल प्रेशर (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाइक नळीतलं, म्हणजे कॉमन रेलमधलं प्रेशर) कमी असल्याचा ताजा कोड दिसतोय, तर कोडवर विश्वास ठेवा. मात्र स्कॅनरसाठीही चावी ऑन करावी लागते. म्हणून टाकीचं काम संपेपर्यंत किंवा निदान फीड लाइन सुटी करेपर्यंत स्कॅनर लांबच ठेवा.

चावीबद्दल इतकं बजावण्याचं कारण साधं आहे. काही ट्रकमध्ये फीड पंप इलेक्ट्रिक असतो आणि इंजिन न फिरताही चावी ऑन होताच तो टाकीतला द्रव पुढे ढकलायला लागतो. इंजिनवर चालणारा गिअर टाइप पंप असेल तर नुसत्या चावीने काही हलत नाही. पण पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरने हा फरक ओळखावा अशी अपेक्षा ठेवू नका. फोन आला तर एकच सांगायचं: चावीला हात लावू नका, गाडी ओढून आणू. ओढताना प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, कारण इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्सना ऑइल मिळत नाही. आणि ब्रेक सुटायला हवेचं प्रेशर बाहेरून द्यावं लागतं.

आता द्रवाकडे येऊ. सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड), म्हणजे धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचा द्रव, ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात तो. डीईएफच्या पंपाचं नोझल १९ मिलिमीटरचं असतं आणि डिझेल टाकीच्या मोठ्या तोंडात ते सहज जातं. उलटा प्रकार नोझलने सहसा होत नाही, कारण डिझेलचं जाड नोझल युरियाच्या अरुंद तोंडात बसत नाही. तिथे घोळ होतो तो कॅन आणि नरसाळ्यामुळे.

डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असतं. त्याची घनता साधारण १.०९, तर डिझेलची ०.८२ ते ०.८६. पाण्यातला असल्याने तो डिझेलमध्ये मिसळत नाही आणि जड असल्याने खाली बसतो. ‘चारशे लिटर डिझेलमध्ये पाच लिटर युरिया, काय बिघडणार’ हा हिशेब इथेच चुकतो. टाकीचा तळ समजा ११० बाय ६० सेंटिमीटरचा आहे. पाच लिटर युरियाचा थर पाऊण सेंटिमीटरचा होतो आणि वीस लिटरचा तीन सेंटिमीटरचा. पिकअप पाइपचं टोक तळापासून थोडंच वर असतं. गाडी वळली किंवा चढाला लागली की थर एका बाजूला जातो आणि पिकअप डिझेलऐवजी निव्वळ युरिया ओढतो. टाकीत डिझेल भरलेलं आहे की अर्धं, याने इथे काहीच फरक पडत नाही.

पुढे नुकसान दोन तऱ्हांनी होतं. पाणी उडून गेलं की युरियाचे पांढरे खडे तयार होतात. ते फिल्टर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरच्या बारीक वाटा बुजवतात. शिवाय डीईएफ तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि साधं पोलाद खातो, आणि डिझेल सिस्टिममध्ये हेच धातू असतात. कॉमन रेलमध्ये १६०० ते २५०० बार प्रेशरखाली फिरणाऱ्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि त्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. तिथे पाणी पोहोचलं की धातूवर धातू घासतो.

नमुना कसा घ्यायचा, हे मात्र नीट शिकून घ्या. ट्रक सपाट जागी काही वेळ उभा राहू द्या. टाकीच्या सगळ्यात खालच्या भागातून काचेच्या स्वच्छ बरणीत लिटरभर घ्या. दुसरी बरणी वॉटर सेपरेटरच्या बाउलमधून. तिसरी मुख्य फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या जोडातून. तिन्हींवर चिठ्ठी लावा. पहिल्या बरणीत खाली वेगळा थर आणि बाकी दोन्ही स्वच्छ, तर तुमचं नशीब चांगलं. दुसऱ्या बरणीतही थर असेल तर लो-प्रेशर बाजू, म्हणजे टाकीपासून हाय-प्रेशर पंपापर्यंतचा भाग, पूर्ण साफ करायची. तिसरीतही थर आहे आणि इंजिन चाललंय, तर हाय-प्रेशर बाजूला तो पोहोचलाच असं धरून चला.

खालचा थर युरियाचा की साध्या पाण्याचा, हे डोळ्यांना कळत नाही. पाणी ओळखणारी पेस्ट दोन्हींत रंग बदलते. त्यासाठी खालच्या थराचे आठ-दहा थेंब ड्रॉपरने स्टीलच्या चमच्यात घ्या, वर तरंगणारं डिझेल कागदाने टिपून घ्या आणि लांबून गरम हवेने हळूहळू सुकवा. ज्योत वापरायची नाही. साधं पाणी उडून जातं, फार तर पुसट डाग राहतो. युरिया असेल तर काठापासून पांढरी साय धरू लागते आणि शेवटी सुयांसारखे खडे उरतात. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की ते विरघळतात, डिझेलचा टाकला तर तसेच राहतात. कूलंट असेल तर खडे न होता चिकट, रंगीत काहीतरी उरतं. पेट्रोलचा संशय असेल त्या नमुन्यावर ही चाचणी अजिबात करू नका.

चमच्यातल्या त्या शेवटच्या थेंबाने सफाईची पद्धतही सांगून टाकली. युरिया डिझेलने धुतला जात नाही. टाकी रिकामी करायची, दोन वेळा डिझेलने खळबळायची आणि नवा फिल्टर टाकून गाडी द्यायची, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो आणि गाडी परत येते. कोपऱ्यात आणि आतल्या आडव्या पत्र्यांच्या मागे राहिलेले खडे हळूहळू सुटत राहतात.

लो-प्रेशर बाजू कोमट स्वच्छ पाण्याने धुवावी लागते. डिझेल काढल्यावर टाकी उतरवा, कारण ड्रेन प्लगमधून सगळं कधीच निघत नाही. लेव्हल सेंडर, पिकअप आणि त्याची जाळी बाहेर काढा. पाणी बदलत टाकी धूत राहा. शेवटच्या पाण्याचे थेंब चमच्यात सुकवून पाहा, पांढरं काही उरलं नाही म्हणजे धुणं झालं. मग टाकी पूर्ण कोरडी करा. आडव्या पत्र्यांमागे आरसा किंवा कॅमेरा घालून बघा, कारण राहिलेलं पाणी म्हणजे नवीन भेसळच. पाइप दोन्ही टोकांनी सुटे करूनच धुवा, कोरड्या हवेने सुकवा, मग थोडं स्वच्छ डिझेल त्यातून सोडा. हँड प्रायमर आणि फिल्टर हेडमधल्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये खडे अडकतात, तिथले ओ-रिंगही बदलून टाका. दोन टाक्यांचा ट्रक असेल तर मधला जोडपाइप विसरू नका. एका टाकीत पडलेलं दुसरीत गेलेलं असतं, आणि रिटर्न कोणत्या टाकीत येतो हेही बघायला हवं.

हाय-प्रेशर बाजूला पाणी घालायचं नाही आणि हवाही मारायची नाही. इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, रेलचं प्रेशर उतरलंय याची खात्री करा, मगच नट सैल करा. बोटाने गळती शोधू नका. या प्रेशरची धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि तरीही ते तातडीने ऑपरेशन लागणारं प्रकरण असतं. प्रत्येक उघड्या तोंडाला लगेच स्वच्छ टोपण लावा.

आधी हाय-प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) काढा आणि त्याची जाळी व बसायची जागा पांढऱ्या कापडाने पुसून टॉर्चखाली धरा. चमचम दिसली तर पंप आतून झिजतोय. चुंबकाला चिकटली तर पोलाद, नाही चिकटली तर अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. पण चिकटत नाही म्हणून सोडून द्यायचं नसतं. अशा वेळी नुसता पंप बदलू नका. चुरा रेलमध्ये आहे, इंजेक्टरमध्ये आहे आणि रिटर्नने टाकीत गेलेला आहे. पंप, रेल, पाइप आणि इंजेक्टर एकत्र बदलणं आणि मागची सगळी लाइन साफ करणं, एवढाच टिकणारा उपाय आहे. खर्च ऐकून मालक नाराज होईल. तरी त्याला कापडावरचा चुरा दाखवा आणि स्पष्ट सांगा, कारण नवा पंप जुन्या चुऱ्यावर चालवला तर तेच बिल त्याला दुसऱ्यांदा भरावं लागेल. चमचम नसेल पण इंजिन युरियावर चाललं असेल, तर पंप आणि इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर तपासून घ्या.

पेट्रोल पडलं असेल तर सगळा विचार बदलतो. पेट्रोल डिझेलमध्ये पूर्ण मिसळतं, थर होत नाही, म्हणून तळातून थोडं काढून भागत नाही, सगळं काढावं लागतं. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरही फार विसंबू नका. ०.८३५ घनतेच्या डिझेलमध्ये ०.७४ चं पेट्रोल दहा टक्के मिसळलं तर मिश्रण ०.८२५ च्या आसपास येतं, म्हणजे चांगल्या डिझेलच्याच पट्ट्यात. पण तेवढ्याने वंगण कमी झालेलं असतं आणि मिश्रण पेट्रोलसारखी वाफ सोडू लागतं. त्यामुळे उपसताना हवेवर चालणारा पंप, ट्रक आणि ड्रम दोन्हींना अर्थिंगची वायर, उघडी हवा आणि हाताशी अग्निशामक हवा. साधा इलेक्ट्रिक पंप, गरम पाणी, वाफ, ग्राइंडर, यातलं काहीही जवळ नको. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून थोडं पेट्रोल टाकण्याची जुन्या इंजिनांच्या काळातली सवय कॉमन रेलला चालत नाही.

डिझेल युरियाच्या टाकीत गेलं, तर इंजिन व्यवस्थित चालतं आणि म्हणूनच दुर्लक्ष होतं. डिझेल वर तरंगतं, डीईएफ पंपातले ईपीडीएम रबराचे सील फुगवतं आणि पुढे एससीआर कॅटॅलिस्टपर्यंत, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर युरियाच्या मदतीने धूर साफ करणाऱ्या भागापर्यंत जातं. पृष्ठभागाला पांढरा कागद टेकवून तेलकट कडं येतं का पाहा. रिफ्रॅक्टोमीटर फक्त युरियाचं प्रमाण सांगतो, तेल पकडत नाही. टाकी धुतल्यावर शेवटचं पाणी खनिजमुक्तच हवं, नळाच्या पाण्यातले क्षार कॅटॅलिस्टला बाधतात. पंप चालला असेल तर तो आणि त्याचे सील बदलण्याची तयारी ठेवा.

काढलेला द्रव वेगळ्या ड्रममध्ये, वर काय आहे ते लिहून ठेवा. जुन्या इंजिन ऑइलच्या ड्रममध्ये ओतू नका. आणि ‘वरचं डिझेल तर स्वच्छ दिसतंय’ म्हणून ते परत टाकीत घालू नका.

जोडणी करताना वॉटर सेपरेटरचा आणि मुख्य, दोन्ही फिल्टर नवे. मुख्य फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतून भरायचं नाही, तसं केल्याने न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला जातं. हँड प्रायमर कडक होईपर्यंत मारून एअर काढा. उघडलेले हाय-प्रेशर पाइप पुन्हा वापरता येतात का, ते मॅन्युअलमध्ये बघा. अनेक इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात. इंजिन सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आयडलवर ठेवा आणि स्कॅनरवर मागितलेलं रेल प्रेशर व प्रत्यक्षातलं प्रेशर शेजारी शेजारी पाहा. ते सारखं खाली-वर होत असेल तर गाडी बाहेर काढू नका. प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न मापाच्या नळ्यांमध्ये घ्या. एखादी नळी इतरांपेक्षा खूप लवकर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय.

हजारेक किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा आणि दोन्ही फिल्टर पुन्हा बदला. काढलेला फिल्टर फेकू नका. फिल्टर कापायच्या कटरने तो उघडा, हॅकसॉने नाही, कारण हॅकसॉचाच चुरा आत पडतो आणि पंपावर उगाच संशय येतो. कागदाच्या घड्या उलगडून उजेडात बघा. पांढरे खडे दिसले तर टाकी पुन्हा उतरवायची, चमचम दिसली तर पंपाकडे वळायचं, आणि नुसता काळसर मळ असेल तर जॉब कार्ड बंद करायला हरकत नाही.