घरी टेललाइट स्मोक करताय? कोकणच्या हवेत या चुका टाळा

टेललाइट स्मोक करणं, म्हणजे मागच्या दिव्याच्या काचेवर धुरकट काळा स्प्रे मारणं. डबा हलवला, फवारला, वाळवला इतकंच काम वाटतं. पण किनारपट्टीवर असे रंगवलेले दिवे एका पावसाळ्यानंतर पाहा. कुठे काचेवर दुधाळ पट्टा, कुठे सुईच्या टोकाएवढे फोड, कुठे कडेने सुटलेला पापुद्रा. डब्याचा दोष यात क्वचितच असतो. हवेतली वाफ, काचेवर बसलेलं मीठ आणि तयारीत केलेली घाई यांनी हे होतं. सगळ्यात घातक चूक मात्र दिसायला छान दिसते: गरजेपेक्षा गडद दिवा. म्हणून आधी तिच्याबद्दल.

किती गडद?

गेटला मारायचा साधा काळा स्प्रे इथे चालत नाही. तो अपारदर्शक असतो. पातळ मारला तरी ठिपके पडतात आणि मधल्या फटींतून प्रकाश येतो. लेन्ससाठी म्हणून विकला जाणारा पारदर्शक स्मोक टिंटच घ्या.

आता थोडं गणित. टिंटमधून ७० टक्के प्रकाश जातो असं धरा. ब्रेकचा प्रकाश एकदाच बाहेर येतो, म्हणून ७० टक्के उरतो. रिफ्लेक्टरचं तसं नाही. मागच्या गाडीचा उजेड आत जाताना एकदा आणि परतताना पुन्हा टिंटमधून जातो, म्हणजे ७० चे ७० टक्के, ४९. टिंट ५० टक्क्यांचा असेल तर रिफ्लेक्टरकडे उरतात फक्त २५. कशेडी किंवा परशुराम घाटात रात्री बॅटरी उतरून गाडी बंद पडली, तर मागून येणाऱ्या ट्रकला ती दाखवणारा तेवढा रिफ्लेक्टरच असतो. त्यामुळे रिफ्लेक्टरवर, रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्यावर आणि इंडिकेटरवर स्प्रे अजिबात नको. तेवढा भाग मास्किंग टेपने नीट झाका. बंपरमध्ये वेगळा रिफ्लेक्टर असला, तरी दिव्यातला झाकाच.

याच गणितामुळे बंद दिवा, त्यातून जितका प्रकाश खरोखर अडतो त्यापेक्षा बराच काळा दिसतो. दिसण्यासाठी एक-दोन पातळ थर पुरतात. तिसऱ्याचा मोह आवरा.

थर थेट काचेवर ठरवू नका. पारदर्शक फाइल-कव्हरच्या तीन पट्ट्या कापा. एकीवर एक थर, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. वाळल्यावर पट्टी दिव्यावर धरा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ही परीक्षा रात्री घेऊ नका. अंधारात मंद दिवाही झकास दिसतो. दुपारी, ऊन थेट काचेवर पडलेलं असताना, दोनशे पावलं मागे जाऊन पाहा. ब्रेक दाबला की सोडला हे क्षणात कळलं पाहिजे. नुसता पार्किंग दिवा आणि ब्रेक यांतला फरकही कळला पाहिजे. शंका आली की एक थर कमी.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०५ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. थर कितीही हलका असला, तरी ती काच मंजुरी मिळालेली मूळ काच राहत नाही. गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा कैदेची तरतूद आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यातून रोज ये-जा असेल, तर आमचं स्पष्ट मत: रोजच्या गाडीचे दिवे रंगवू नका. हौस असेल तर जुन्या बाजारातून दुसरी जोडी घ्या, ती रंगवा आणि मूळ जोडी जपून ठेवा.

मीठ आणि हवा

इतर ठिकाणचे सल्ले कोकणात फसतात ते इथे. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचा थर बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मीठ ओलावा ओढून घेतं. ते रंगाखाली राहिलं, तर पावसाळ्यात पाणी फिल्ममधून आत शिरतं आणि बारीक फोड उठतात. नुसतं कोरड्या फडक्याने पुसून मीठ जात नाही, उलट ओरखडे पडतात. भरपूर गोड्या पाण्याने धुवा, मग साबण, मग पुन्हा पाणी. काच आणि बॉडीच्या फटीत अडकलेली जांभ्याची लाल धूळ मऊ ब्रशने काढा. विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या.

दुधाळपणाचं कारण वेगळं आहे. स्प्रेमधला द्राव झपाट्याने उडतो आणि पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर वाफ जमते आणि काच धुरकट होते. जून ते सप्टेंबर हे काम हातात घेऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन, दव पूर्ण उडालेलं असताना पडवीत किंवा मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) काम करा. खळ्यात (अंगणात) भर उन्हात नको. तापलेल्या काचेवर स्प्रे पोचण्याआधीच वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो.

काच दुधाळ झालीच, तर वरून लगेच थर चढवू नका. ओलावा आत कोंडला जातो. हेअर ड्रायरच्या मंद वाऱ्याने, हातभर अंतरावरून, हळूहळू ऊब द्या. हलका धुरकटपणा बहुधा निघतो. न निघाल्यास कोरडा दिवस येईपर्यंत थांबा आणि अगदी पातळ थर मारून पाहा.

दिवा काढून रंगवा

गाडीवरच टेप लावून मारलं, तर बारीक फवारा डिकीच्या रंगावर बसतोच. बहुतेक गाड्यांत डिकी उघडली की आठ किंवा दहाच्या गोटीने (सॉकेट पान्याने) निघणारे दोन नट दिसतात; मग दिवा सरळ मागे ओढायचा. बाजूला पिळलात तर प्लास्टिकच्या खुंट्या मोडतात. बल्ब होल्डर काढून मागची तोंडं टेपने बंद करा, म्हणजे आत फवारा किंवा पाणी जाणार नाही. हवा खेळायची बारीक भोकंही झाका, पण बसवताना तो टेप आठवणीने काढा. तो राहिला की दिव्यात आतून दव साचतं.

टेललाइटची काच बहुधा अॅक्रिलिक प्लास्टिकची असते. थिनर, अॅसिटोन किंवा पेट्रोल लावलंत, तर तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या पुन्हा भरत नाहीत. तेलकटपणा काढायला पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्या, चटकन पुसा, काचेवर मुरू देऊ नका.

न घासता मारलेला रंग पापुद्र्याने सुटतो. ४०० नंबरच्या घासपेपरने घासलंत तर ओरखडे पारदर्शक थराखालूनही दिसतात. पाण्यासोबत ८०० आणि मग १००० चा वॉटर पेपर बरोबर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). सगळी चमक एकसारखी मेली पाहिजे, विशेषतः कडांना आणि कोपऱ्यांना, कारण रंग तिथूनच सुटायला लागतो.

स्प्रे मारताच गोल खड्डे पडले, तर ते सिलिकॉनच्या पॉलिशचे. वरून रंग मारून ते भरत नाहीत. वाळू द्या, घासा, पुन्हा धुवा.

थर आणि क्लिअर

डबा दोन मिनिटं हलवा. २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. फवारा काचेच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा येऊ द्या. दोन थरांत १० ते १५ मिनिटं जाऊ द्या. दोन्ही दिवे शेजारी ठेवून, एकाच डब्याने, सारखेच थर देऊन रंगवा. नाहीतर गाडीवर डावा-उजवा फरक उठून दिसतो. ओघळ आला तर बोट लावू नका. पूर्ण वाळल्यावर १५०० ने घासून काढा.

क्लिअर, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक संरक्षक थर, त्याच्याशिवाय टिंट आमच्या उन्हात टिकत नाही. यूव्हीरोधक क्लिअरचा पहिला थर अगदी कोरडा, धुक्यासारखा मारा. पहिलाच थर ओला मारला की खालचा टिंट सुरकुततो. हार्डनर मिसळायचं टू-के क्लिअर जास्त टिकतं, पण त्यात आयसोसायनेट असतात आणि ते फुप्फुसाला घातक आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काहीच कामाचा नाही. पेंटिंगचा योग्य मास्क नसेल, तर ते काम गॅरेजकडे द्या.

शेवटचा थर जरा ओलसर असतानाच मास्किंग टेप मागच्या बाजूला दुमडत काढा. पूर्ण वाळल्यावर ओढलात तर कडेचा रंग सोबत येतो.

मंद वाटला म्हणून जास्त वॅटचा बल्ब नको

दिवा मंद वाटला की २१/५ वॅटच्या (ब्रेकला २१, पार्किंगला ५) जागी जास्त वॅटचा बल्ब टाकतात. त्याच्या उष्णतेने होल्डर आणि काच दोन्ही मऊ होऊ शकतात. उपाय टिंट कमी करणं हाच: १००० च्या पेपरने पाण्यासोबत घासा, मग १५०० आणि २००० लावा आणि शेवटी प्लास्टिक पॉलिशने चमक आणा. थिनर तेव्हाही नको.

बसवताना मागची गॅस्केट तपासा. चपटी झाली असेल तर बदला, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी डिकीत उतरतं. नट हातानेच सारखे आवळा. मग पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर आणि रिव्हर्स, चारही लावून पाहा.