तार खोटी नाही, तुम्हाला घाई आहे: युकुलेलेच्या तारा निवडताना या चुका टाळा

"काका, नव्या तारा लावल्या, पण सुरात राहतच नाहीत. डुप्लिकेट आल्या का?" फोनवर असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, लावल्या कधी? उत्तर बहुतेक वेळा "काल रात्री" असतं. कधी कधी "आत्ताच".

नायलॉन असो, नायलगट असो वा फ्लोरोकार्बन, प्लास्टिकची तार ताणाखाली काही दिवस लांबत राहते. ब्रिजवरची, म्हणजे तार बांधायच्या पट्टीवरची गाठ आवळते, खुंटीवरचे वेढे बसतात आणि तेवढी तार उतरते. नायलॉन यात सगळ्यात रेंगाळतं, फ्लोरोकार्बन त्यामानाने लवकर बसतं. पण पहिल्या दिवशी सुरात राहणारी प्लास्टिकची तार मी पाहिलेली नाही. ज्यांच्या घरात तंबोरा आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना, कारण व्हिडिओत तार बदलल्यावर पुढच्याच सेकंदाला गाणं सुरू होतं. मधले चार दिवस कापलेले असतात.

आवाजाचंही तेच. नवी तार आधी जरा कोरडी, झणझणीत वाजते आणि बसली की गोलावते. आठवड्याच्या आत तिच्याबद्दल मत बनवू नये. मी तारा रात्री झोपायच्या आधी लावतो, पूर्ण सुरात चढवतो आणि ठेवून देतो. सकाळी त्या उतरलेल्या असतात, परत चढवतो. कार्यक्रम शनिवारी असेल तर तारा आदल्या शनिवारी बदलायच्या. शुक्रवारी रात्री बदलून मला फोन करायचा नाही.

यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे तार धनुष्यासारखी खेचणं. हलक्या हाताने चालतं. बाराव्या पडद्याच्या आसपास चिमटीत धरून बोटभर उचला, थोडं पुढे सरका, परत उचला, मग सूर लावा. दोन-तीनदा केलं की पुरे. जोर लावला तर तार एकाच जागी बारीक होते आणि मग ती कुठेच नीट सुरात लागत नाही. मोकळी तार बरोबर, पण बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून काढलेला हार्मोनिक जुळत नाही. मग सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा टेकतात ती पट्टी, घासून घ्यायला वाद्य कारागिराकडे जातं. एकच तार अशी वागत असेल तर आधी ती तार बदलून बघा, कानशीला हात नंतर लावा.

एका दुपारी चार संच

माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा, हिंजवडीत नोकरी, टेनर, म्हणजे मोठ्या आकाराचं युकुलेले. त्याने चार पाकिटं मागवली: एक नायलॉन, एक नायलगट, दोन फ्लोरोकार्बन. रविवारी दुपारी बसून चारही संच एकामागून एक चढवले, प्रत्येकाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं, मित्रांना नावं न सांगता ऐकवलं, मार्क घेतले, एक्सेलमध्ये सरासरी काढली. तक्ता मला पाठवला. रंग वगैरे भरून.

नायलॉन शेवटचं आलं होतं. येणारच. ते पहिलं लावलेलं, गाठ कशी मारायची हे तो त्यावरच शिकत होता आणि रेकॉर्डिंग चालू असतानाच तार उतरत होती, ऐकूही येत होतं. पहिला आलेला संच फ्लोरोकार्बनचा. "काका, काय दणदणीत आवाज आहे!" मी पाकिटाचा फोटो मागवला. त्यावर सोप्रानो, म्हणजे छोट्या आकाराच्या युकुलेलेचं नाव लिहिलेलं.

सोप्रानोच्या मोकळ्या तारेची लांबी साधारण ३४५ मिमी, टेनरची ४३० मिमी. तार तीच आणि सूरही तोच, तर ताण लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे इथे जवळपास दीडपट. आवाज दणदणीत होता तो ताणाचा. त्या तारेच्या गुणाशी त्याचा फार संबंध नव्हता. मी सांगेपर्यंत साहेबांनी त्याच संचाची आणखी तीन पाकिटं मागवली होती. काही दिवसांनी बी फ्लॅटच्या कॉर्डला बोट आडवं टाकताना त्याचा हात दुखायला लागला आणि पाकिटं वर्गातल्या सोप्रानोवाल्यांनी वाटून घेतली. त्यांचं भलं झालं.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. एक संच निदान दोन-तीन आठवडे वाद्यावर राहतो. काढण्यापूर्वी तीच चाल, त्याच खुर्चीत, मोबाईल त्याच टेबलावर ठेवून रेकॉर्ड करायची. नवा संच बसला की तसंच परत. बसलेल्या तारांची तुलना बसलेल्या तारांशी करायची. आणि हे कोणालाच आवडत नाही, पण सांगतो: सध्याच्या तारा मेलेल्या असतील तर आधी त्याच प्रकारच्या नव्या लावा आणि मग दुसऱ्या प्रकाराकडे वळा. वर्षभर वाजवलेल्या तारेसमोर कुठलीही नवी तार गोडच वाटते. "फ्लोरोकार्बन लावलं आणि वाद्यच बदललं" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना नव्या नायलॉननेही तेच वाटलं असतं.

ऐकताना नुसते कॉर्ड खरडू नका. युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए. त्यातली सी ची तार एकटी घ्या आणि पाचव्या ते सातव्या पडद्यावर वाजवा. जाड तार सगळ्यात आधी तिथे ठोकळ होते. नायलॉनची घनता साधारण १.१४ आणि फ्लोरोकार्बनची १.७८, त्यामुळे तेवढ्याच ताणाला फ्लोरोकार्बनची तार सुमारे २० टक्के बारीक चालते. नायलॉनची सी १ मिमी असेल तिथे ही ०.८ मिमी, म्हणून वरच्या पडद्यांवर ती जास्त मोकळी वाजते. नायलगट हे इटलीतल्या अक्विला कंपनीचं. ते आतड्याच्या तारेच्या जवळ जाईल असं बनवलेलं आहे आणि त्याची घनता या दोघांच्या मध्ये पडते. त्याचा पृष्ठभाग बोटाला किंचित खरखरीत लागतो, काहींना तो अजिबात सोसत नाही. स्वस्त प्लायवूडच्या वाद्यावर मी डोळे मिटून नायलगट लावतो. फ्लोरोकार्बन चांगल्या सॉलिड लाकडावर खुलतं, पातळ आवाजाच्या वाद्याला ते आणखी किरटं करतं. हे माझ्या कानाचं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं, पण ते तीन आठवड्यांनी सांगा.

तंगूस

रत्नागिरीकडच्या एकाने मासेमारीच्या दुकानातून तंगूस, म्हणजे गळाची प्लास्टिकची दोरी आणून तारा केल्या. कल्पना वेडगळ नाही. फ्लोरोकार्बन तार मूळची मासेमारीचीच, जपानच्या कुरेहा कंपनीने ती १९७१ मध्ये आणली आणि वाद्यांवर ती नंतर चढली. पण या गृहस्थाने आणलं ते "फ्लोरोकार्बन कोटेड", म्हणजे आत नायलॉन आणि वर नुसता मुलामा. निवड केली ती पौंडावरून. पौंड म्हणजे तुटण्याची ताकद. एकाच पौंडाच्या दोन तंगुसांची जाडी वेगळी असू शकते आणि ठरलेल्या सुराला ताण किती लागेल ते जाडीवर ठरतं. मी वाद्य हातात घेतलं तेव्हा सी ची तार लोंबत होती आणि छेडली की शेजारच्या तारेवर आपटत होती. ए मात्र इतकी ताठ की बोट कापलं असतं. वर मलाच विचारणा, "तुमच्या त्या ब्रँडच्या तारांत असं काय सोनं असतं?"

करायचंच असेल तर १०० टक्के फ्लोरोकार्बनचं लीडर (गळाजवळ बांधायची तंगूस) घ्या आणि पौंड विसरून जाडी मायक्रोमीटरने मोजा. बरं, बचत किती? चार जाडीची चार रिळं घ्यावी लागतात आणि सोप्रानोला एका तारेसाठी अर्धा-पाऊण मीटर पुरतं. उरलेल्या रिळांवर गरी बांधून मासे पकडणार असाल तर हिशेब जमतो.

बाकीच्या चुका पटापट.

युकुलेलेवर स्टीलच्या तारा लावू नका. दुकानदार "चलेगा" म्हणाला तरी नाही. ब्रिज उखडतो.

रंगावरून तार ओळखू नका. पारदर्शक तार नायलॉनची असू शकते, फ्लोरोकार्बनचीही. काळीचंही तेच. आणि पांढरी दिसली म्हणजे ती नायलगटच, असं नाही. पाकीट वाचा.

लो जी हवा म्हणून नेहमीची जी सप्तकभर उतरवू नका, ती नुसती फडफडेल. लो जी ची वेगळी तार मिळते. ती जाड असते, नटची (खुंट्यांजवळच्या, तारा टेकायच्या पट्टीची) खाच तिला अरुंद पडली तर कारागिराकडून रुंद करून घ्या.

सगळ्या तारा एकदम काढू नका. ब्रिजमधलं सॅडल नुसतं बसवलेलं असेल तर ते खाली पडतं, कपाटाखाली जातं आणि परत बसवताना उलटं बसतं. मी एकेक तार बदलतो.

गाठीला मात्र वेळ द्या. बांधायच्या ब्रिजवर शेपटाचं टोक शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबलं गेलं पाहिजे. वरच्या पृष्ठभागावर संपलेली गाठ सुटते. फ्लोरोकार्बन गुळगुळीत असतं आणि ए ची तार सगळ्यात बारीक, म्हणून तिला मी एक वेढा जास्त देतो. सुटलेलं टोक चाबकासारखं पाटीवर बसतं. जुनं वाद्य विकत घेताना ए च्या गाठीमागे बघा, बारीक खड्डा दिसला की आधीच्या मालकाची गाठ कशी होती ते कळतं. तार बांधायची नसून खाचेत अडकवायची असते अशा ब्रिजला साधी गाठ नको, इंग्रजी आठाची मारा. फेव्हिक्विक कुठेच नको.

पावसाळ्यात नायलॉन ओल पितं आणि सूर हलतो. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर मी फ्लोरोकार्बनवर असतो. लाकूडही फुगतं, त्याला इलाज नाही, पिशवीत सिलिका जेल ठेवा.

आणि खुंटी फिरवताना "टक्" आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार बदलायला धावू नका. ती नटच्या खाचेत अडकते आहे. तार बाजूला करा, शिसपेन्सिलीचं टोक खाचेत दोनदा फिरवा आणि तार परत बसवा. शक्यतो टूबी घ्या, एचबीत ग्रॅफाइट कमी असतं.