खेळणं संपल्यावरचा बेसबॉल

कॅलिफोर्नियात मी शाळकरी मुलांना बेसबॉल शिकवतो. इथल्या मराठी आईबाबांचा ठरलेला प्रश्न असतो: पोरगा चांगला खेळतो, यात करिअर होईल का? मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग. तिच्यात संघ 30, प्रत्येकाच्या यादीत 26 खेळाडू. म्हणजे जागा 780. त्यांवर डोळा ठेवून बसलेली पोरं अमेरिकेतलीच नाहीत. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, जपानमधलीही आहेत. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, निवड झाली तरी मेजर लीगखालच्या मायनर लीगमधल्या सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या पायऱ्या चढाव्या लागतात आणि बहुतेकांचा प्रवास तिथेच आटोपतो. एवढं ऐकून कुणी हिरमुसलं, की मी खेळणं संपल्यावर कोच झालेल्या डेव्ह रॉबर्ट्सची गोष्ट काढतो.

1994 च्या ड्राफ्टमध्ये रॉबर्ट्सला 28व्या फेरीत घेतलं. मेजर लीगमध्ये पोचेस्तोवर 1999 उजाडलं. फटक्यात दम बेताचाच, पण धावणं जबरदस्त. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात असताना त्याला जुने खेळाडू मॉरी विल्स भेटले. 1962 च्या एका हंगामात 104 बेस चोरलेला हा माणूस. बेस चोरायची, म्हणजे पिचर (चेंडू टाकणारा) बॅटरला चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस गाठायची, कला रॉबर्ट्स त्यांच्याकडून शिकला.

ती कामी आली 17 ऑक्टोबर 2004 ला. रॉबर्ट्स तेव्हा बॉस्टनच्या रेड सॉक्समध्ये होता. संघ न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध मालिकेत 0-3 ने मागे, सामन्यातही एका धावेने मागे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. रॉबर्ट्सला फक्त धावण्यासाठी पहिल्या बेसवर उभं केलं. तो निघणार हे अख्ख्या मैदानाला माहीत! रिव्हेराने त्याला बाद करायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग बॅटरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स दुसऱ्या बेसकडे सुटला आणि थोडक्यात वाचला. पुढे त्याने बरोबरीची धाव केली, संघाने सामना आणि मालिकाही जिंकली. त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, मात्र त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही.

अशी चोरी म्हणजे अर्धं गणित. पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू बॅटरमागच्या कॅचरकडे जायला साधारण 1.3 सेकंद, कॅचरकडून दुसऱ्या बेसवर जायला सुमारे 2. तेवढ्यात धावपटूने पोचायचं. पहिल्या बेसजवळचा कोच हातात स्टॉपवॉच धरून हेच मोजत असतो. पिचर वळण्याआधी खांदा हलवतो की टाच उचलते, हे डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवर, बसल्या बसल्या टिपणारा खेळाडू माझ्या मते निम्मा कोच झालेलाच असतो. मोठ्या ताऱ्यांना हे जमेलच असं नाही. त्यांना कधी बाकावर बसावंच लागलेलं नसतं.

2010 मध्ये रॉबर्ट्सला कर्करोगाने गाठलं. त्यातून उठून 2011 मध्ये तो सॅन दिएगोच्या पाद्रेज संघाचा पहिल्या बेसचा कोच झाला, 2014 मध्ये बेंच कोच (मॅनेजरचा उजवा हात) आणि 2016 च्या हंगामापासून डॉजर्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक. 2020, 2024 आणि 2025 च्या वर्ल्ड सिरीज त्याच्या हाताखाली जिंकल्या गेल्या.

कोच व्हायला मेजर लीग खेळलेलं असावंच, ही अटही आता सैल झालीय. रेचल बाल्कोवेक ताकद आणि व्यायामाच्या प्रशिक्षणातून या क्षेत्रात शिरल्या आणि 2022 मध्ये टॅम्पा टार्पन्स या मायनर लीग संघाच्या मॅनेजर झाल्या. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर जवळच्या लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) स्वयंसेवक कोच म्हणून नाव द्या. पैसे मिळत नाहीत, आधी पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि शनिवार गेलाच म्हणून समजा. चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे वाचायला शिका. आणि स्पॅनिश शिका, मोडकीतोडकी का होईना. मायनर लीगच्या डगआउटमध्ये इंग्रजीइतकीच ती कानावर पडते.